गाठीचा दागिना

पोत वाढली आणि ती गाठवून देणारा लगेच सापडला नाही, तर आमच्याकडच्या बायका गळा मोकळा ठेवत नाहीत. सुताचा दोरा हळदीत भिजवायचा, त्यात हळकुंड बांधायचं आणि तो दोरा गळ्यात घालायचा. हिंगोली जिल्ह्यात हळकुंडाला तोटा नाही. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात मार्केट यार्डात नुसती फेरी मारून आलं, तरी घरी पोचल्यावर अंगाचा तो उग्र, मातकट वास जात नाही. पण गळ्यातल्या पिवळ्या दोऱ्याकडे बघताना मला हळकुंडाहून गाठच मोठी वाटते. हळकुंडाला भोक नसतं. दोरा त्याच्या अंगाभोवती फिरवून, कड्यांच्या खोबणीत बसवून आवळावा लागतो. ती एक गाठ नीट बसली तर हळकुंड दागिना होतं, नाही तर ते डब्यातलं हळकुंडच राहतं.

सोनं नसलं तरी दागिना होतो, सोनार नसला तरी होतो. गाठ नसेल तर मात्र होत नाही. आणि तरीही दागिन्यांच्या गप्पांत गाठीचं नाव कुणी काढत नाही. किती तोळे, किती गुंजा, घडणावळ किती, मजुरीत किती सोडलं, हे सगळं बोललं जातं. गाठवलं कुणी, हे विचारलेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

लग्नातलं काकण हा तर निव्वळ गाठींचाच दागिना. हळद लागली की नवरा-नवरीच्या मनगटांवर हळकुंड बांधलेली काकणं चढतात, आणि लग्न लागल्यावर ती एकमेकांनी सोडवायची असतात. नवऱ्याने एकाच हाताने सोडवायचं, दुसरा हात लावायचा नाही, आणि भोवती करवल्यांचा गलका. आमच्या आज्जीला काकण बांधायला चार घरं बोलवायची. तिची बोटं सांध्यांत वाकलेली होती, पण तिने बांधलेलं काकण सोडवताना भल्याभल्या नवरदेवांना घाम फुटायचा. ती दोरा ओला असतानाच गाठ मारायची. हळदीच्या पाण्यात भिजलेलं सूत फुगतं, मऊ पडतं, ओढलं तेवढं बसतं. आणि ते बसलेलं सूत वाळलं की गाठ नखाला दाद देत नाही. मग नवऱ्याकडची एखादी म्हातारी म्हणायची, “कोणत्या मावलीनं बांधलं गं हे?” आज्जी मांडवाच्या कडेला बसून पान लावत असायची. तिला तेवढीच दाद पुरे होती.

निरगाठ आणि सुरगाठ या दोन गोष्टी मी तिच्याकडूनच शिकले. टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, ओढाल तितकी घट्ट होते ती निरगाठ. पोरांच्या चड्डीच्या नाडीला सुरगाठ, पिठाच्या पिशवीला सुरगाठ, काकणाला निरगाठ. कुठे काय मारायचं हे तिच्या बोटांना माहीत होतं. तिला विचारलं असतं तर कदाचित सांगता आलं नसतं.

मराठवाड्यात श्रावणी अमावास्येपासून अनंत चतुर्दशीपर्यंतचा पंधरवडा नीट बघितला, तर तो गाठींचाच पंधरवडा आहे. अमावास्येला पोळा. बैलांना नव्या म्होरक्या, नव्या वेसणी, नवे कासरे, कपाळावर आणि शिंगांना रंगीत गोंडे, गळ्यात घुंगरमाळा. माणसांच्या आधी बैलांचे दागिने होतात, आणि या दागिन्यांत धातू असतो तो फक्त घुंगरांचा. बाकी सगळं दोरा, पीळ आणि गाठ. मग आठ दिवसांत घरोघर महालक्ष्म्या बसतात. तिसऱ्या दिवशी, त्यांना निरोप द्यायच्या आधी, सुताच्या गाठी पाडतात. घरातल्या बायका एकत्र बसून हळद लावलेल्या सुतात फुलं, पानं, रेशीम गुंफत एकेक गाठ पाडत जातात, आणि ते सूत नंतर गळ्यात घालतात. आणि चतुर्दशीला अनंत: रेशमाचा दोरा, त्याला 14 गाठी, दंडाला बांधायचा. बैल, देवी आणि माणूस, तिघांनाही एकाच पंधरवड्यात गाठींनी सजवतात. पावसाने उघडीप दिलेली असते, पिकं उभी असतात, आणि सगळ्या गावाची बोटं दोऱ्यात असतात.

हे दोर पूर्वी विकत आणायची वस्तू नव्हती. अंबाडी कापून पाण्यात कुजत घालायची, सालीचा वाख सोडवायचा, धुऊन वाळवायचा आणि मांडीवर, चकरीवर वळायचा. केकताडाचाही वाख काढत. हे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे होतं. नाडे, कासरे, दावी, सोल, शिंकी, मुसकी, सगळं त्यांच्या हातचं. मोबदला बलुत्याचा: सुगी झाली की खळ्यावर जाऊन धान्य मागून आणायचं. शेतकऱ्याचा बैल, मोट आणि गाडी ज्या दोरावर चालत होती, तो वळणाऱ्याला वेशीबाहेर राहावं लागत होतं. गाठीचं मोल कमी का धरलं गेलं, याचं एक उत्तर इथे आहे. ज्याच्या हातची गाठ, त्याच्या जातीवरून तिची किंमत ठरली. दुसरं उत्तर घरात आहे: जी गाठ बाईने बांधली, तिला कामच म्हटलं गेलं नाही.

शिंकं आठवून बघा. आढ्याला टांगलेलं, चार किंवा सहा दोरांचं, खाली गाठींची जाळी आणि जाळीत दुधाचं मडकं. आज शहरातल्या बाल्कन्यांत कुंड्या टांगायला जे मॅक्रेमेचं, म्हणजे नुसत्या गाठींनी विणलेलं, हँगर विकतात, ते अगदी हेच असतं. कोळपणीच्या वेळी बैलाने उभ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधायचं मुसकंही तसंच. वरच्या ओळीतल्या दोन शेजारच्या गाठींतून आलेला एकेक दोर घ्यायचा, खालच्या ओळीत ते दोन्ही एकत्र बांधायचे, पुढच्या ओळीत पुन्हा जोड्या बदलायच्या. गळ्यात घालायच्या जाळीदार मॅक्रेमे माळेचीही रीत हीच. बैलाच्या तोंडावरची जाळी आणि बाईच्या गळ्यावरची जाळी यांच्यात फरक आहे तो दोराच्या जाडीचा.

सेनगाव, औंढा, कळमनुरी भागातल्या तांड्यांवर जुन्या बंजारा बाया अजून फेटिया आणि कांचळी घालतात. त्यांच्या अंगावर आरसे, नाणी, कवड्या आणि लोकरीचे गोंडे असतात. वेणीत गुंफलेल्या चोटल्याचे गोंडे चालताना पाठीवर हलतात. कवडीचं मला फार नवल वाटतं. ती समुद्रातली, आणि आमच्या जिल्ह्याला समुद्र सगळ्या बाजूंनी दूर. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणाऱ्या या लोकांनी ती इथवर आणली. कवडीलाही दोरा ओवायला सोयीचं भोक नसतं. तिची फुगीर पाठ घासून सपाट करायची, पोकळी उघडी पाडायची आणि मग दोऱ्याने जखडायची. बंजारा बाईच्या अंगावरचं वैभव तिने स्वतःच्या बोटांनी एकेक टाका, एकेक गाठ घालून उभं केलेलं असतं. म्हणूनच ते पेढीवर नेऊन विकता येत नाही, आणि म्हणूनच ते तिचं असतं.

आणि मग पटवेकरी. बाजारपेठेत सोनारांच्या ओळीला लागून, एखाद्या ओट्यावर किंवा पायरीवर त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक सतरंजी, रेशमाच्या लडी, काळ्या मण्यांचे पुडे, एक आकडा आणि कात्री. मी आईसोबत जायचे. पटवेकरी पाय लांब करून बसायचा आणि दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचा. दुसरं टोक दातात. दोन्ही हात मोकळे. बोलता यायचं नाही, म्हणून आईच्या प्रश्नांना तो भुवयांनी उत्तरं द्यायचा. मण्यांचे सर जुळवायचे, टोकं एकत्र घ्यायची, त्यांवर रेशीम घट्ट गुंडाळायचं, मध्ये वाट्या, वाट्यांच्या दोन्ही बाजूंना सोन्याचे मणी, आणि शेवटी मानेमागे गोंडा. सगळ्या सरांचा भार त्या गोंड्याच्या तोंडाशी असलेल्या एका आवळीव गाठीवर येतो, आणि तीच गाठ रेशमाखाली झाकलेली असते. आई समोर बसून राहायची, कारण पोत तशीच उठून घालून जायची असायची.

ठुशीचं तर सगळं सुख मागच्या दोरीत आहे. पुढे सोन्याच्या मण्यांची दाटी, मागे एक दोरी आणि तिच्यावरची सरकती गाठ. ती वर-खाली केली की तीच ठुशी सुनेच्या गळ्याला लागते आणि सासूच्याही. मोत्यांची माळ जाणकाराने ओवली असेल तर प्रत्येक दोन मोत्यांमध्ये एक बारीक गाठ असते. तिच्यामुळे मोती एकमेकांवर घासून झिजत नाहीत, आणि धागा कधी तुटलाच तर एखादाच मोती हरवतो, सगळी माळ घरंगळत नाही. गाठीची ही हुशारी दिसू नये, याचीच काळजी घेतलेली असते. शिंपीही तेच करतो. नरसीचे नामदेव महाराज, जन्म 1270 चा, शिंप्याच्या घरातले. त्यांच्या जातव्यवसायाचा पहिला नियम असा की दोऱ्याची गाठ कापडाच्या उलट्या बाजूला. सुलट बाजूला टाका दिसला तर चालेल, गाठ दिसता कामा नये.

म्हणून माझ्या भाचीने दिवाळीच्या सुट्टीत मेण लावलेला दोरा आणि लाकडी मण्यांची पिशवी काढून मॅक्रेमेचं कडं करायला घेतलं, तेव्हा मला पहिलं वेगळेपण जाणवलं ते हेच, की इथे गाठ सुलट बाजूला आहे. मणी असला काय, नसला काय. गाठ हाच दागिना.

“काय करायलीस गं?” माझ्या आईने विचारलं. आजीने विचारल्यावर नातीला दाखवावंच लागतं. चार दोरे उशीला टाचणीने टोचलेले. “आज्जी, हे मधले दोघं नुसते उभे राहायचे. कडेचे दोघं फिरायचे.” डावा दोरा मधल्या दोघांवरून उजवीकडे न्यायचा. उजवा त्या डाव्याच्या शेपटावरून खाली आणायचा, मधल्यांच्या मागून डावीकडे घ्यायचा आणि डाव्याने जे कडं केलं त्यातून वर काढायचा. ओढायचं. ही अर्धी गाठ. आता हेच उजवीकडून सुरू करायचं. दोन अर्ध्या मिळून एक चौकोनी गाठ. एकाखाली एक घालत गेलं की सपाट, रेखीव पट्टी उतरत जाते.

आणि पाळी बदललीच नाही तर? प्रत्येक अर्धी गाठ डावीकडूनच मारत राहिलं, तर पट्टी आपोआप वळायला लागते. कुणी पीळ घालत नाही, तरी ती जिन्यासारखी फिरत खाली उतरते. भाचीने तेही मुद्दाम करून दाखवलं. प्रत्येक गाठ दोऱ्यांना एकाच दिशेला थोडी ढकलते, आणि ते थोडं थोडं साचत जातं. पाळी बदलली की पहिल्या अर्धीने घातलेला पीळ दुसरी काढून टाकते. दोन टोकांची साधी गाठ मारतानाही हेच होतं: डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर घेतलं तर ती पक्की बसते, दोन्ही वेळा एकच वर घेतलं तर ती वाकडी दिसते आणि ताण आला की घसरते. याचं कारण अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 साली मांडलं. ताण पडेल तिथे रंग बदलणारे तंतू घेऊन त्यांनी गाठी मारल्या आणि आत काय चालतं ते डोळ्यांनी पाहिलं. दोऱ्याला दोरा किती ठिकाणी ओलांडतो आणि शेजारशेजारचे पीळ उलटसुलट दिशांना आहेत का, यावर गाठीचं बळ ठरतं. उलटसुलट असले की दोरे एकमेकांना धरतात, एकाच दिशेचे असले की एकमेकांवरून सरकतात. शास्त्राला हे सांगायला प्रयोगशाळा लागली. पटवेकऱ्याच्या अंगठ्याला ते ठाऊक होतं.

दुसरी गाठ तर मला शिकवावी लागली नाही. दोरा मधोमध दुमडायचा, झालेला फास कडीमागून घालायचा आणि दोन्ही टोकं त्या फासातून ओढून घ्यायची. पदक अडकवायला, पट्टी सुरू करायला हीच लागते. आमचे आजोबा गोऱ्ह्याचं दावं दावणीला असंच अडकवायचे. कड्याची शेवटची गाठ म्हणजे ठुशीमागची सरकती गाठ. भाचीला ती मोबाइलवर एका परदेशी मुलीने शिकवली होती. आईने आपली ठुशी काढून उलटी करून तिच्यापुढे धरली. पोरगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आज्जी, हे तर घरातच होतं की!”

एक हिशेब मात्र नव्याने शिकावा लागतो. मनगटावर दिसते वीतभर पट्टी, पण कडेचे दोरे तिच्या चार-पाच पट लांब घ्यावे लागतात. गाठी दोरा खातात. दिसतो वीतभर, लागतो दोन हात. हातकामाचा हिशेब सगळीकडे असाच असतो.

गाठीचं वेड फक्त आपलं नाही. शिडाच्या जहाजांवर महिनोन्‌महिने काढणारे खलाशी रिकाम्या वेळात दोरांच्या जाळ्या आणि झालरी विणत आणि बंदरांत विकत. 1880 च्या दशकात इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरांत मॅक्रेमेच्या झालरींची अशी लाट होती की पडदा, टेबल, कपाट काही सुटलं नाही. मग ते मागे पडलं आणि 1970 च्या दशकात कुंड्यांच्या हँगरांतून आणि गळ्यातल्या माळांतून परत आलं. क्लिफर्ड अॅश्ले या अमेरिकन माणसाने आयुष्यभर गाठी जमवून 1944 साली ग्रंथ काढला. त्यात 3,800 हून अधिक नोंदी आहेत. आणि पेरूच्या डोंगरांतल्या इंका राज्यात लिपी नव्हती तेव्हा दोऱ्यांवरच्या गाठींनी राज्याचा हिशेब ठेवला जायचा. गाठ दोऱ्यावर किती उंचीला आहे त्यावरून एकं, दहं, शतं ठरायचे. म्हणजे गाठीने माणसाला सजवलं, मालही बांधला आणि मोजणीही केली.

आमच्या घरी दिवाळीनंतर एक गोष्ट झाली. भाचीने केलेली कडी तिच्या मैत्रिणींनी विकत घेतली. मग तिने हिंगोलीच्या दसऱ्याचा बेत आखला. रामलीला मैदानावरच्या दसऱ्याला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे, आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं लोटतात, आणि प्रदर्शनातल्या दुकानांपुढे पोरीबाळींची झुंबड असते. पुढच्या दसऱ्याला तिथे ओळखीच्या एका दुकानाच्या कोपऱ्यात तिच्या माळा टांगलेल्या होत्या. गिऱ्हाईक हातात घेऊन बघायचं आणि म्हणायचं, “दोराच आहे की नुसता!” आणि अर्धी किंमत सांगायचं. मला भाचीचं कौतुक वाटलं ते तिच्या उत्तराचं. ती म्हणायची, “दोऱ्याचे पैसे घेतच नाही काकू, गाठीचे घेते.”

हे उत्तर दोर वळणाऱ्या मातंगाला देता आलं नाही. खळ्यावर मिळेल ते पदरात घ्यावं लागलं. पटवेकऱ्याच्या तोंडात दोरा होता. काकण बांधणाऱ्या आज्जीला पैसे मागायचं सुचलंच नसतं. गाठ झाकलेली होती तोवर तिचे कष्टही झाकलेले राहिले. मॅक्रेमेने आमच्या गावाला नवी गाठ एकही दिली नाही. दिली ती एवढीच, की गाठ सुलट बाजूला आणली. आता ती दिसते, तर तिची किंमतही दिसायला हवी.

मला यात भाबडेपणा नको आहे. गोठे ओस पडत चाललेत. ट्रॅक्टरला म्होरकी लागत नाही. पोळ्याच्या बाजारात नायलॉनचे तयार गोंडे टांगलेले असतात आणि ते पावसात कुजत नाहीत, हे खरंच आहे. यंत्राची साखळी आल्यावर पोत गाठवायला कोण येणार? पटवेकऱ्यांची मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली, तर त्यांना दोष देता येणार नाही. मीठ-भाकरीचा प्रश्न आठवणींनी सुटत नाही. पण जे अजून हे काम करतात त्यांना पुरेसा दाम देणं आणि जे शिकू बघतात त्यांना घरचीच माणसं दाखवणं, एवढं आपल्या हातात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पोत गाठवायला गेलात तर सोनाराशी हवी तेवढी घासाघीस करा, पण गाठवणाऱ्याने सांगितलेली मजुरी मुकाट्याने द्या. मुलीने मोबाइलवर बघून दोरा हातात घेतला, तर तिला आधी घरातल्या म्हातारीपाशी बसवा. आणि स्वतःलाही एक गाठ येऊ द्या. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, एवढं जमलं तरी पुरे.